भंगारातील पिंप आणि धुराची गाडी

श्रावणाच्या सरी सुरू झाल्या की इंदूरच्या तुकोगंजात संध्याकाळी भाजलेल्या कणसांचा वास दरवळू लागतो. हातगाडीवर एक घमेले, घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर मक्याची कणसे आणि पलीकडे हातपंख्याने वारा घालणारा विक्रेता, असे हे दृश्य कोणाही इंदूरकराच्या परिचयाचे आहे. गिऱ्हाईक लिंबू, मीठ आणि तिखट चोळलेले कणीस घेऊन पाच मिनिटांत निघून जाते. विक्रेता मात्र रात्रीपर्यंत त्याच धुरात उभा असतो. उघड्या घमेल्यातील उष्णतेचा मोठा भाग वाऱ्यावर जातो, कोळसा भराभर संपतो आणि धूर नेमका माणसाच्या तोंडासमोर येतो. या तिन्ही गोष्टींवर भंगारातील एक जुने पिंप आणि चार चाके यांच्या साहाय्याने पुष्कळसा उपाय करता येतो. तो कसा, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

निरुपयोगी ठरलेल्या वस्तूतून उपयोगी वस्तू घडविण्याची विद्या इंदूरला नवी नाही. होळकरांची राजधानी १८१८ साली महेश्वरहून या शहरात आली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबांची वस्तीही येथे वाढली. याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून उत्तम खत तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. त्या कामात यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. जगभर ती पद्धत ‘इंदूर पद्धत’ या नावानेच ओळखली जाते. पुढे २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हे शहर पहिल्या क्रमांकावर राहिले. टाकाऊ वस्तूकडे आदराने पाहण्याची ही परंपरा असल्यामुळे, भंगारातून अन्न शिजविणारी गाडी उभी करण्याचा विचार येथे विशेष शोभतो.

प्रथम भाजणे आणि धुरावणे यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. भाजताना पदार्थ थेट निखाऱ्यांवर असतो, आच प्रखर असते आणि काम मिनिटांत उरकते. धुरावताना विस्तव एका बाजूस असतो, पदार्थ दुसऱ्या बाजूस असतो, आणि मंद उष्णता व धूर यांच्या संगतीत तो तासन् तास शिजतो. अमेरिकेत यास ‘बार्बेक्यू’ म्हणतात. हा शब्द मूळ कॅरिबियन बेटांतील रहिवाशांचा असून, विस्तवावर उभारलेल्या लाकडी माच्यास तो लावीत असत. आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. रायगड जिल्ह्यातील पोपटी हे त्याचे नामी उदाहरण होय. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा पाण्यावाचून शिजवितात, त्या बंदिस्त उष्णतेच्या बळावरच. आगटीतील हुरडा आणि माळव्यातील गोवऱ्यांच्या आचेवरचे बाफले ही त्याच कुळातील भावंडे आहेत.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. दोनशे लिटरचे लोखंडी पिंप आडवे ठेवून त्याचा वरचा भाग उभ्या रेषेत कापतात आणि बिजागऱ्या लावून त्याचे झाकण करतात. आत लोखंडी सळ्यांची जाळी बसवितात. पिंपाच्या एका टोकास, किंचित खालच्या बाजूस, जाड पत्र्याची अग्निपेटी जोडतात. दुसऱ्या टोकास धुराडे असते. अग्निपेटीच्या तळाशी हवा आत घेणारी एक झडप आणि धुराड्यात दुसरी झडप, एवढ्या दोन किल्ल्यांवर सारा कारभार चालतो. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या झडपेतून ताजी हवा ओढली जाते. ही ओढ आपोआप निर्माण होत असल्यामुळे पंखा हलविण्याचे कारण उरत नाही. खालची झडप उघडली की आच वाढते, मिटली की मंदावते. मंद धुरावणीसाठी आतील उष्णतामान सुमारे १०५ ते १२० अंश सेल्सियस ठेवतात. कणसासाठी मात्र निखारे थेट जाळीखाली ओढावे लागतात. म्हणून पिंपातच निखाऱ्यांसाठी एक सरकता लोखंडी ट्रे ठेवल्यास एकाच गाडीवर दोन्ही कामे होतात.

पिंपाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. अग्निपेटी त्याच पत्र्याची केली तर ती लवकरच जळून गळू लागते. तिच्यासाठी तीन मिलिमीटरचा पत्रा घ्यावा किंवा आतून अग्निविटांचे अस्तर द्यावे. चाके जुन्या हातगाडीची चालतात. परंतु अग्निपेटी हा गाडीतील सर्वांत जड आणि सर्वांत तप्त भाग असल्यामुळे तिचे वजन आसाजवळ आले पाहिजे आणि तिची आच रबरी धावांना लागता कामा नये. मध्ये थोडी पोकळी सोडून एक आडवा पत्रा लावल्यास दोन्ही गोष्टी साधतात.

येथपर्यंतचे काम कोणताही कुशल लोहार करून देईल. खरी दक्षता वेगळ्याच ठिकाणी घ्यावयाची असते, आणि ती म्हणजे भंगाराची पारख. रिकामे पिंप निरुपद्रवी दिसते, पण ज्यात पूर्वी तेल, रंग किंवा द्रावक होते, त्याच्या पोटात त्या पदार्थाची वाफ दडून बसलेली असू शकते. अशा बंद पिंपावर गॅसची ज्योत किंवा कापणीयंत्राची ठिणगी पडली की ती वाफ हवेसह स्फोट पावते. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक धोक्याचे, हे वचन ऐकण्यास चमत्कारिक वाटले तरी अक्षरशः खरे आहे. कारण स्फोटास लागणारी हवा रिकाम्या पिंपातच असते. म्हणून ज्याचे संपूर्ण झाकण निघते आणि ज्यात खाद्यतेलासारखा अन्नपदार्थच होता, असेच पिंप घ्यावे. कीटकनाशकाचे किंवा अज्ञात रसायनाचे पिंप कितीही धुतले, तरी त्यात अन्न शिजवू नये.

दुसरा शत्रू जस्त होय. गंज चढू नये म्हणून अनेक पत्र्यांवर, नळांवर आणि बादल्यांवर जस्ताचा लेप असतो. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांस उकळते. जोडकामाच्या ज्योतीत त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जोडकाम करणाऱ्या कारागिरांस हा ताप चांगला ठाऊक आहे. अग्निपेटी, जाळी किंवा धुराडे यांसाठी असा पत्रा वर्ज्य समजावा. जुन्या शीतकपाटातील चकचकीत जाळीचाही मोह धरू नये. तिच्यावर कॅडमियमसारख्या विषारी धातूचा मुलामा असण्याचा संभव असतो. साध्या लोखंडाच्या सळ्या दिसावयास ओबडधोबड असल्या तरी निर्भय असतात. पिंपास आतून रोगणाचे अस्तर नसावे. नवा बिडाचा तवा जसा तेल लावून तापवितात, तशीच तयार गाडीही आतून तेलाचा हात फिरवून दोन-तीन तास रिकामी तापवावी. म्हणजे गंजास अटकाव होतो.

जळणाच्या बाबतीतही हीच विवेकदृष्टी हवी. आंबा, बाभूळ यांची वाळलेली लाकडे उत्तम. रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूड आणि डांबर पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपर कदापि जाळू नयेत. मक्याचे दाणे खाऊन झाल्यावर उरणारा बुरखुंडा वाळविला की तोही चांगले जळण ठरतो. अमेरिकेच्या काही भागांत तर मांस धुरावण्यासाठी तोच मुद्दाम वापरतात. म्हणजे गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विक्रेत्याच्या कामी यावी, अशी ही सोय आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची युक्ती प्रचारात आणली आणि २००२ साली तिला ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्या भट्टीतही साधे तेलाचे पिंपच वापरलेले आहे.

धुराचा रंग पाहून विस्तवाची प्रकृती ओळखता येते. धूर दाट व पांढरा असेल तर हवा अपुरी पडत आहे असे समजावे. अशा धुराची कडू काजळी पदार्थावर बसते. धूर विरळ आणि निळसर झाला की मगच पदार्थ आत ठेवावा. मांस शिजवावयाचे असल्यास टपकणारी चरबी विस्तवावर पडू देऊ नये, तिच्यासाठी खाली ताटली ठेवावी. चरबी जळून उठणाऱ्या धुरात आरोग्यास घातक द्रव्ये असतात. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश तापल्यावाचून वाढू नये. तसेच ही गाडी विझली असे वाटले तरी रात्री खोलीत किंवा बंद दुकानात नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंगही नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसास तो सावध करीत नाही. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय कचऱ्याच्या गाडीत टाकणे हाही तेवढाच मोठा प्रमाद होय.

रस्त्यावर अशी गाडी लावावयाची तर २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार प्रमाणपत्र आणि अन्नविक्रीची नोंदणी या दोन गोष्टी आवश्यक आहेत. त्यांस केवळ कागदी उपचार समजू नये. प्रमाणपत्रामुळे विक्रेत्याच्या जागेस कायद्याचे संरक्षण मिळते आणि नोंदणीमुळे गिऱ्हाइकास अन्नाविषयी विश्वास वाटतो.

आता राहिले धुराडे. पुष्कळदा ते आखूड ठेवले जाते, कारण उंच नळीला खर्च अधिक लागतो. परंतु या साऱ्या खटाटोपात काटकसर करू नये अशी जागा कोणती असेल तर हीच. धुराड्याचे तोंड उभ्या माणसाच्या डोक्याच्या चांगले वर असले पाहिजे. तसे असेल तर ओढ चांगली लागते, कोळसा वाचतो, पदार्थाची चव सुधारते आणि रोज आठ-दहा तास विस्तवापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे डोळे व फुप्फुसे पुष्कळ अंशी जपली जातात. दोन-तीन हात अधिक नळीची किंमत एखाद्या संध्याकाळच्या विक्रीहून फारशी जास्त नसते. ती नळी लावून झाली, म्हणजेच गाडी पुरी झाली असे म्हणावे.