मायविना पिल्लं

अकोल्याजवळच्या बोरगाव मंजूला आमच्या घरामागं उकिरडा होता. आजीची खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसायची, पिल्लं निघायची आणि दोन-तीन दिवसांत मायमागं उकिरड्यावर जायची. ती घाण खातात म्हणून मी हाकलायला धावे. आजी अडवायची, "उकरू दे वं. मायच्या मांगं उकरते तवाच पिल्लू तगते."

आज माझ्याकडे अंड्यावरच्या दोन हजार कोंबड्या आहेत. त्यांतल्या एकीनंही माय पाहिलेली नाही. उबवणी यंत्रातलं पिल्लू खोक्यात बसून फारमवर येतं, तेव्हा त्याचं आतडं जवळपास मोकळं असतं. मायकडून मिळायचे ते चांगले जिवाणू त्याला मिळालेलेच नसतात आणि मोकळ्या जागेत साल्मोनेलासारखा रोगजंतू आधी घुसतो. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली पिल्लांना मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पाजून पाहिले. त्या पिल्लांत साल्मोनेलाला मग सहजी ठाव मिळेना. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. शिवाय हे जिवाणू आम्ल तयार करतात, ते रोगजंतूंना मानवत नाही. प्रोबायोटिक म्हणजे असेच जिवंत, उपकारक जिवाणू, खाद्यातून किंवा पाण्यातून दिलेले.

सुरुवातीची दोन वर्षं मी वेगळंच करत होते. हगवण लागू नये म्हणून एका विक्रेत्यानं दिलेली अँटिबायोटिकची पावडर दर महिन्याला खाद्यात मिसळायची. कोंबड्या धडधाकट होत्या, तरीही. मग एकदा मर झाली. पशुवैद्यक डॉक्टरांनी मेलेली कोंबडी माझ्यासमोर फाडली. आत बलकांचा घोस होता: एक लिंबाएवढा, एक बोराएवढा, मग वाटाण्याएवढे, मोहरीएवढे. पुढच्या कित्येक दिवसांची अंडी एकाच वेळी वाढत होती. डॉक्टर म्हणाले, "आज दिलेलं औषध रक्तातून या सगळ्यांत उतरू शकतं." मांसाच्या कोंबडीला औषध दिलं तर विकायचं थोडं लांबवता येतं. अंडं मात्र रोज येतं, रोज विकलं जातं. औषधाचा अंश जाईपर्यंतची अंडी फेकायची, तर आमचं घर कसं चालणार? त्या दिवशी घोस पाहताना मला माझ्या ग्राहकांची पोरं आठवली.

औषधाचा अंश ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठा धोका असा, की थोडं थोडं औषध सतत मिळालं की त्याला न जुमानणारे जंतू तगतात आणि वाढतात. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिदक्षता विभागात अगदी शेवटी काढायचं औषध. तेच कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं. भारतानं जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. युरोपीय संघानं वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं १ जानेवारी २००६ पासूनच बंद केलं होतं.

मग मी ती पावडर सोडून प्रोबायोटिककडे वळले. ते वापरतानाही मी ठेच खाल्ली. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपार जातो. मी लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या पावडरचा डबा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि वर ब्लिचिंगच्या पाण्यात ती पावडर कालवली. गुण काय येणार? उन्हानं आणि क्लोरीननं जिवाणूच मेले होते. आता डबा घरात गार जागी असतो आणि पाणी बिनक्लोरीनचं. खाद्यात बॅसिलस हे दुसरे जिवाणू घालते. त्यांचे बीजाणू टणक कवचाचे, उष्णता सोसणारे.

प्रोबायोटिकनं सगळंच सुटत नाही. उन्हात धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ होतं. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. त्यावर गार हवा, गार पाणी आणि चुनखडी हेच खरे उपाय. तिथं प्रोबायोटिकची मदत झालीच तर थोडी. आजार आलाच तर डॉक्टरांना बोलवायचं, त्यांनी लिहून दिलं तर अँटिबायोटिक द्यायचं आणि ते सांगतील तितके दिवस अंडी विकायची नाहीत.

पुढच्या महिन्यात नवी पिल्लं येतील. उकळून गार केलेल्या पाण्यात जिवाणू कालवून पहिला घोट त्यांना मीच पाजणार आहे, एकेकीची चोच बुडवून.