रूपकार्थ, धर्मग्रंथांचा
धर्मग्रंथांतील कथा, पात्रे, स्थळे व विधी यांना केवळ बाह्य घटना न मानता साधकाच्या अंतःकरणातील अवस्थांची प्रतीके समजून अर्थ लावण्याची पद्धती. वाच्यार्थ हा तीत आरंभबिंदू असतो. आत्मबोध हे प्रयोजन असते.

भारतीय परंपरेत या पद्धतीची बीजे मूळ ग्रंथांतच आढळतात. कठोपनिषदात शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी व इंद्रिये हे घोडे कल्पिले आहेत. भागवताच्या चौथ्या स्कंधातील पुरंजनाख्यानात नऊ दारांचे नगर म्हणजे देह व त्यातील राजा म्हणजे जीव, हा उलगडा नारद स्वतःच करतो. पाश्चात्त्य परंपरेत अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो (इ. स. पहिले शतक) याने अब्राहमच्या स्थलांतराचा अर्थ आत्म्याचा प्रवास असा लावला.

मराठीत ही पद्धती लोकाभिमुख करण्याचे मोठे श्रेय पैठणच्या एकनाथांना (१५३३–९९) द्यावे लागते. त्यांच्या भावार्थरामायणात कौसल्या ही सद्विद्या, कैकेयी ही अविद्या व मंथरा ही कुविद्या ठरते. तुळजापूरच्या भवानीच्या उपासनेशी निगडित अशा जोगव्यालाही त्यांनी आध्यात्मिक अर्थ दिला. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात देवी महिषासुराचा वध करते. एकनाथांच्या जोगव्यात तो महिषासुर म्हणजे मोह होय. द्वैत टाकून माळ घालावयाची, हाती बोधाचा झेंडा धरावयाचा, परडी पूर्ण बोधाने भरावयाची आणि नवरात्र नवविध भक्तीचे करावयाचे, असा त्याचा आशय आहे. आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांची माळ व हातातील परडी येथे त्याज्य ठरत नाही. तिचाच अंतर्मुख अर्थ सांगितला जातो. आश्विन पौर्णिमेस सोलापूरहून तामलवाडीमार्गे तुळजापूरला (धाराशिव, पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) पायी जाणाऱ्या भाविकांच्या वारीलाही हाच न्याय लागू पडतो. एकनाथांच्या मते खरी वारी भेदरहित असते. म्हणून पायांनी वाट सरली, तरी मनातील उच्चनीचभाव उरला असेल, तर ती अपुरीच राहते.

अर्थनिर्णयाचे परिणाम आचारावरही होतात. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) गीतेचा उपदेश प्रत्यक्ष व्यवहारातील कर्तव्याला लावला. महात्मा गांधींनी अनासक्तियोगात (१९३०) कुरुक्षेत्र हे मानवी हृदयातील द्वंद्वाचे रूपक मानले. एकाच ग्रंथातून युद्धाविषयी भिन्न भूमिका निघू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा, की ती व्याख्याकाराला हवा तो अर्थ काढण्याची मुभा देते. त्यावर परंपरेने काही मर्यादा सुचविल्या आहेत : अर्थ ग्रंथाच्या एकूण तात्पर्याशी सुसंगत असावा, एका प्रतीकाचा अर्थ प्रसंगाप्रसंगाने सोयीनुसार बदलू नये आणि त्याची कसोटी पांडित्यात नव्हे, तर साधकाच्या आचरणात लागावी. दुसऱ्याच्या ठिकाणी महिषासुर पाहणाऱ्याला कथा कळलेली नसते. तो प्रथम स्वतःच्या ठिकाणी ओळखावा, हेच या वाचनाचे सार होय.