रानवाटेवरील अवधान

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या दोन तीरांवर, चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वसले आहेत. १९८२ पर्यंत या दोहोंचा मिळून एकच जिल्हा होता. साग, बांबू, मोह, ऐन आणि तेंदू यांच्या अरण्याने हा प्रदेश व्यापलेला आहे. गडचिरोली जिल्ह्याचा तर निम्म्याहून अधिक भाग वनाखाली आहे. चंद्रपूरहून चिचपल्लीवरून मूलकडे जाणारी सडक, मोहर्लीची सडक, आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणारी सडक, अशा कितीतरी सडका या अरण्यातून गेल्या आहेत. त्या माणसांनी बांधल्या हे खरे. परंतु ज्या भूमीवरून त्या जातात, ती भूमी वन्य प्राण्यांची जुनी वहिवाट आहे. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल आणि वाघ यांना पाण्यासाठी व चाऱ्यासाठी ती ओलांडावीच लागते. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेल्या रानहत्तींचा कळपही गडचिरोलीच्या वनांत वावरू लागला आहे.

याच सडकांवरून माणसांचीही ये-जा अखंड चालू असते. उन्हाळ्याच्या आरंभी पहाटे मोहफुले वेचण्यासाठी बायाबापड्या निघतात. पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. सायंकाळी गुरांचे कळप धूळ उडवीत गावाकडे परततात. शाळा सुटली की मुलामुलींच्या सायकलींची रांग लागते. कोळसा, सिमेंट आणि लोहखनिज वाहून नेणारे अवजड ट्रक त्यांतूनच वाट काढीत असतात. अशा वाटेवर वाहन चालविणाऱ्याजवळ एक गोष्ट सदैव जागी असली पाहिजे. ती म्हणजे अवधान.

पूर्वी या भागातील माणूस पायी अथवा बैलबंडीने प्रवास करी. पायी चालणारा कानोसा घेत चाले. पाचोळ्याची सळसळ, माकडाची हाक, चितळाचा इशारा यांवरून पुढे काय आहे, हे त्यास उमगे. बंडीवानाचा क्वचित डोळा लागला, तरी बैल जागे असत व ते घरची वाट चुकत नसत. मोटारीस व मोटारसायकलीस मात्र स्वतःचे डोळे नाहीत आणि स्वतःची बुद्धीही नाही. चालकाचे डोळे हेच तिचे डोळे आणि चालकाचे मन हेच तिचे मन. चालकाचे लक्ष क्षणभर ढळले, तर त्या क्षणापुरते ते वाहन आंधळे होते.

हे लक्ष ढळविणाऱ्या गोष्टी पूर्वीही होत्या. परंतु अलीकडे त्यांत एका छोट्या यंत्राची भर पडली आहे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईल फोनवरून पहिले संभाषण झाले. ते कोलकाता आणि दिल्ली या नगरांमध्ये झाले होते. आज हे यंत्र शहरातील व्यापाऱ्याच्या हाती आहे, तसेच शेतकऱ्याच्या आणि गुराख्याच्याही खिशात आहे. त्याचे उपकार थोडे नाहीत. दूर गेलेल्या मुलाची खुशाली त्यावर कळते, बाजारभाव समजतात, आजाऱ्यासाठी रुग्णवाहिका बोलाविता येते. मात्र हेच यंत्र धावत्या वाहनावर कानाशी अथवा डोळ्यांसमोर आले, म्हणजे ते घातक ठरते.

वाहन चालविताना फोन वापरणाऱ्या माणसापासून तीन गोष्टी हिरावल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे दृष्टी. कारण आलेला संदेश वाचण्यासाठी डोळे रस्त्यावरून खाली वळतात. दुसरी गोष्ट म्हणजे हात. कारण एक हात फोन सांभाळण्यात गुंततो आणि प्रसंगी चाक अथवा ब्रेक यांवर दोन्ही हातांची पकड राहत नाही. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मन.

दृष्टी हिरावल्याने काय होते, हे साध्या गणिताने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. फोनच्या पडद्यावर तीन सेकंद नजर खिळली, तर तेवढ्यात वाहन ५० मीटर पुढे गेलेले असते आणि हे सारे अंतर चालकाने न पाहता कापलेले असते. डोळे मिटून कोणी पन्नास मीटर गाडी हाकावी, असे सांगितले तर त्यास कोणीही वेडा म्हणेल. परंतु फोन वाचणारा नेमके तेच करीत असतो.

आता अशी कल्पना करावी, की पन्नास मीटरांवर एक चितळ सडकेवर आले आहे. सावध चालकाला ते दिसते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर दाबला जाईपर्यंत सुमारे एक सेकंद लागतो. त्या अवधीत १७ मीटर जातात. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर वाहन थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७ मीटरांत वाहन उभे राहते आणि चितळ वाचते. परंतु त्याच क्षणी ज्याने फोनकडे पाहिले, तो तीन सेकंदांनी मान वर करतो, तेव्हा चितळ त्याच्या चाकाशी आलेले असते. ब्रेक लावण्याची वेळ केव्हाच टळलेली असते. चितळाच्या जागी सायकलवरील शाळकरी मुलगी असती, तर? रात्री हा धोका अधिक वाढतो; कारण खाली वळविलेल्या दिव्यांच्या उजेडात जेमतेम चाळीस-पन्नास मीटर रस्ता दिसतो. पावसाने सडक ओली झाली असेल, तर वाहन थांबण्यास अधिकच अंतर लागते.

येथे कोणी म्हणेल, "फोन हातात न धरता, कानात यंत्र घालून बोलले तर काय बिघडते? डोळे रस्त्यावर असतात आणि हातही मोकळे राहतात." हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यातील उणीव दाखवून दिली. कॅनडातील टोरोंटो नगरात अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. फोनवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट वाढतो, असे त्यांना आढळले. हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांचाही धोका कमी झाल्याचे दिसले नाही. याचे कारण उघड आहे. केवळ डोळे उघडे असले म्हणजे दिसते असे नाही. मन दुसरीकडे असेल, तर समोरची वस्तू डोळ्यांत उमटते, पण ध्यानात येत नाही. पुस्तकावर डोळे ठेवून खेळाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला पान संपल्यावर आपण काय वाचले हे सांगता येत नाही, तशीच ही स्थिती होय.

मग शेजारी बसलेल्या सोबत्याशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत अंतर ते कोणते? अंतर असे, की सोबत्यालाही तोच रस्ता दिसत असतो. वळण आले, गुरे आडवी आली, की तो आपोआप गप्प होतो, कित्येकदा "जपून!" असे सांगून सावधही करतो. फोनवरील माणसाला यातील काहीच दिसत नाही. चालक ऐन कठीण वळणावर असताना तो नेमका प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो.

डोक्यावर पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन बायका बोलत चालतात आणि घागर हिंदकळत नाही, हे खेड्यात नित्य पाहावयास मिळते. मग माणसाला एका वेळी दोन कामे करता येत नाहीत, असे कसे म्हणावे? परंतु तेथे वेग लक्षात घेतला पाहिजे. चालणारे माणूस एका सेकंदात सव्वा-दीड मीटर पुढे जाते. मन क्षणभर भरकटले, तरी पाऊल सावरण्यास अवधी मिळतो. मनुष्याची नजर व मन हजारो वर्षे या पायांच्या गतीशी जुळलेले आहे. यंत्राने गती दहापट-बारापट वाढविली. अवधानाची शक्ती मात्र तेवढीच राहिली. म्हणून वेगाने जाणाऱ्याने आपले सगळे अवधान वाटेवरच वेचले पाहिजे. ते दोन ठिकाणी वाटून देण्याइतके त्याच्यापाशी नसते.

अरण्यातील सडकांवर आणखी एक मोह दबा धरून बसलेला असतो. दाट वनात पुष्कळ ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही. तास-अर्धा तास फोन मुका राहतो. मग एखाद्या टेकडीवर अथवा गावाजवळ येताच रेंज परतते आणि अडून राहिलेले संदेश एकामागून एक वाजू लागतात. चालकाचा हात नकळत खिशाकडे जातो. ही वेळ बहुधा संध्याकाळची असली, तर अनर्थास निमित्तच मिळते. कारण सांजसकाळ ही वन्य प्राण्यांच्या हालचालीची वेळ होय. दिव्यांच्या झोताने दिपलेले हरिण पळण्याऐवजी जागीच थिजून उभे राहते. एक चितळ ओलांडून गेले, की त्यामागून दुसरे, तिसरे येते. रानहत्ती व वाघ यांना तर वाटसरूने दुरूनच वाट मोकळी करून द्यावयाची असते. खाली मान घालून गाडी चालविणाऱ्याला यातले काय उमगणार?

वनातील फोनचा उपद्रव ताडोबातही अनुभवास आला. वाघ दिसल्याची वार्ता फोनवरून पसरली, की सफारीच्या गाड्या त्या ठिकाणी धाव घेत आणि तेथे दाटी होई. म्हणून २०१८ मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीस जाणाऱ्या पर्यटकांना मोबाईल नेण्यास मनाई करण्यात आली. पेंचच्या वनातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्य प्राण्यांसाठी महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा सोडल्या आहेत. वाघासह अनेक प्राणी त्यांतून ये-जा करतात. असे उपाय स्तुत्य आहेत. तथापि प्रत्येक रानवाटेवर पूल बांधता येत नाही. जेथे पूल नाही, तेथे चालकाचे जागे मन हाच पूल होय.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा झाली आणि वाहन चालविताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक चालविण्यात गणले गेले. त्यासाठी दंडाची आणि कारावासाचीही शिक्षा सांगितली आहे. परंतु अरण्यातील निर्जन वळणावर पोलीस उभा नसतो. तेथे स्वतःचा विवेक हाच पोलीस असतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांची कारणे निरनिराळी होती. पण त्या प्रत्येक घरी कोणीतरी वाट पाहत होते, एवढे मात्र सर्वत्र सारखेच होते.

दुर्गम भागात तर अपघात अधिकच भयंकर ठरतो. सिरोंच्यासारखे गाव जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. जखमी माणसाच्या बाबतीत पहिला तास फार मोलाचा मानतात. येथे तो तास वाटेतच सरून जाण्याची भीती असते. अशा वेळी १०८ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलाविणारा फोन हा जीवदाता ठरतो. यंत्र एकच, थांबलेल्या माणसाच्या हाती ते तारक, धावत्या माणसाच्या हाती ते मारक.

उपाय तसा अवघड नाही. निघण्यापूर्वी फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत ठेवावा. तातडीचे काम असेल, तर सडकेच्या कडेला सुरक्षित जागा पाहून वाहन उभे करावे आणि मगच बोलावे. वनातून जाताना गावाजवळ पोहोचेपर्यंत धीर धरावा. दहा मिनिटांनी दिलेले उत्तर बहुधा उशिराचे ठरत नाही.

मुलांना वाहन चालवावयाचे नसते, म्हणून हा विषय त्यांचा नव्हे, असे मात्र नाही. वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसलेल्या मुलीने फोन वाजताच "बाबा, आधी थांबा," असे म्हटले, तर ते सांगणे सहसा टाळवत नाही. आणखी एक गोष्ट तर सर्वस्वी मुलांच्याच हाती आहे. वाटेवर असलेल्या माणसाला येणारा फोन पुष्कळदा परक्याचा नसतो. तो घरूनच येतो. "कुठवर आलात? केव्हा येणार?" असे मायेने विचारणारा तो आवाज असतो. आई, वडील अथवा दादा वाहन चालवीत असतील, हे ठाऊक असताना त्यांना फोन न करणे, हीच त्या वेळची खरी माया. माणूस जंगलातील वळणे पार करीत असतो, सडकेवर एखादे हरिण उभे असते, आणि त्याचा फोन शांत असतो. त्या शांततेत तो सारा जीव वाटेवर ठेवून येतो आणि सुखरूप घरी पोहोचतो.