सीट दाबून नाही, बसून बघा

जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकला, तेव्हा गुजरात, मध्य प्रदेश आणि इतर काही राज्यांकडे माल कुठून येतोय हे सांगताना केंद्र सरकारने सातारा आणि नाशिकच्या जोडीने नारायणगावचं नाव घेतलं. म्हणजे शेकडो किलोमीटरचा पल्ला. क्रेटच्या भावाची चर्चा पारावर झाली, टीव्हीवर झाली. ते क्रेट नेणारा माणूस कशावर बसून गेला, हे कुणी विचारलं नाही. टोमॅटो दबू नये म्हणून तो क्रेट आवळून बांधून घेतो, गतिरोधकावर गाडी अलगद घेतो. स्वतःच्या मणक्याबद्दल मात्र त्याचे, आणि त्याहून जास्त त्याच्या मालकाचे, काही समज घट्ट बसलेले असतात.

‘सीट जितकी मऊ, तितकी आरामाची’

सगळ्यांत चिवट समज हाच. सीट पसंत करतो मालक आणि बसतो ड्रायव्हर, इथूनच घोळ सुरू होतो. मालक अंगठ्याने गादी दाबतो, उभ्या गाडीत दोन मिनिटं टेकतो आणि खूश होतो. उभ्या गाडीत मऊ गादी सुखावतेच. गाडी चालू लागली की हिशोब बदलतो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा हेलकाव्यांच्या तालावर सर्वांत जास्त हलतो. नुसता जाड, मऊ फोम या तालाच्या आसपास धक्का शोषण्याऐवजी वाढवूही शकतो. शिवाय बूड रुततं, कमरेचा बाक सपाट होतो आणि माणूस पोक काढून बसतो.

पुढे फोम बसतो. मग कुशनवाल्याकडून वर आणखी एक गादी चढते. बसणारा दोन-तीन इंच उंच होतो. मांड्या स्टेअरिंगला लागतात, क्लच दाबायला पाय लांबवावा लागतो, आरशांचा कोन चुकतो. गादी घट्टसरच हवी. तिच्यावर गुडघा टेकवून सगळा भार द्यावा. खालचा पत्रा किंवा फळी गुडघ्याला लागली तर तो फोम कामाचा नाही.

‘एअर सीट बसवली की कंबर सुटली’

सुटते, पण सीट वजनाला लावली असेल तर. सस्पेन्शनची सीट, मग ती स्प्रिंगची असो की हवेची, सावकाश वरखाली होते आणि जलद हादरे खालीच अडवते. त्यासाठी बसल्यावर ती आपल्या खालीवर होण्याच्या पल्ल्याच्या मधोमध यायला हवी. बऱ्याच सीटना वजनाची मूठ किंवा बटण असतं. साठ किलोच्या ड्रायव्हरने लावलेल्या सीटवर नव्वद किलोचा जोडीदार बसला की सीट तळाला जाऊन आपटते. हा आपटणारा दणका साध्या सीटपेक्षा वाईट. दोघे आलटूनपालटून गाडी चालवत असतील, तर हात बदलला की मूठही फिरायला हवी. त्याला दहा सेकंद लागतात आणि खर्च शून्य.

आणखी एक बघून घ्यावं. सीटबेल्टचा पट्टा केबिनच्या खांबाला आणि सीट वरखाली होणारी, अशी जोडी असेल तर प्रत्येक खड्ड्याला पट्टा आवळत जातो. मग ड्रायव्हर तो काढूनच ठेवतो. सीटलाच जोडलेला पट्टा असला तर ही कटकट राहत नाही.

‘गाडी रिकामी आहे, आता आराम’

मार्केटला माल उतरवून रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. स्प्रिंगचे पाटे बनवलेले असतात पूर्ण भारासाठी. भार नसला की ते वाकत नाहीत, गाडी उडते. भरलेल्या गाडीचे हेलकावे सावकाश असतात. रिकामीचे जलद, म्हणजे कण्याला नकोशा असलेल्या तालाच्या जवळचे. त्यात शॉकअप गेलेले आणि टायरमध्ये हवा ठासून भरलेली असेल तर कितीही महागडी सीट हात टेकते. सीट बदलायला पैसे काढण्याआधी शॉकअप तपासावेत, हे माझं ठाम मत.

‘सीट काय, सगळ्यांना सारखीच’

सीट मागेपुढे किती सरकते हे सगळे बघतात, बैठक किती खोल आहे हे कुणी बघत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर गुडघ्यामागची खोबण आणि गादीची कड यांत तीन-चार बोटं जागा राहायला हवी. बुटक्या माणसाला खोल सीट मिळाली की कड टोचते, तो पुढे सरकून बसतो आणि टेका वाया जातो. दिवसभर बिनपाठीच्या स्टुलावर बसल्यासारखं.

लावायचा क्रमही ठरलेला आहे: आधी बूड मागे टेकवायचं, मग क्लच तळापर्यंत दाबून गुडघा किंचित वाकलेला राहील एवढं अंतर, पाठ शेवटी. ताठ काटकोनात बसावं ही शाळेतली शिकवण इथे चालत नाही. पाठ जराशी मागे, साधारण 100 ते 110 अंशांत असली की कण्याच्या चकतीवरचा दाब कमी होतो.

मण्यांच्या कव्हरने पाठीला वारा लागतो. हादरे तेवढेच राहतात. कमरेच्या पट्ट्याने दुखणं टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट मात्र काढाच, त्याने एक कुल्ला उचललेला राहतो.

‘आता एसी केबिन सक्तीची झाली, प्रश्न मिटला’

2025 मध्ये लागू झालेला हा नियम साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकना आहे. तो हवेचा नियम आहे, बैठकीचा नाही. नारायणगावच्या आवारात गर्दी करणारे लहान पिकअप त्यात येतच नाहीत. आणि बॉडीबिल्डरने नुसत्या चासीवर केबिन बांधून दिलेल्या जुन्या ट्रकमध्ये अजूनही फळी, काथ्या आणि रेक्झिन सापडतं. हादऱ्यांचं म्हणाल तर युरोपने 2002 सालीच कामगाराच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांची मर्यादा आठ तासांच्या हिशोबाने आकड्यात बांधली.

‘सीट चांगली असली की एका दमात मजल मारता येते’

मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत लागू होता. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असं तो सांगायचा. कण्याच्या चकतीला पोषण मिळतं ते हालचालीतून, आणि उत्तम सीटवरही माणूस बसूनच असतो. दोनेक तासांनी आळेफाट्याला, संगमनेरला, जिथे जागा मिळेल तिथे उतरून चार पावलं चालावं.

पिकअपवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. हमाल नसला की गाडी थांबताच ड्रायव्हर स्वतः वीस-वीस किलोचे क्रेट उतरवायला लागतो. तासन्‌तास हादरे खाल्लेल्या पाठीचे स्नायू तेव्हा थकलेले असतात, वाकून उचलण्याची ती सर्वांत वाईट वेळ. आधी पावती करावी, चहा घ्यावा, दहा-पंधरा मिनिटं चालावं, मग क्रेटला हात घालावा.