आतड्याचा निरोप मेंदूला पोहोचू द्या

अशक्तपणा वाटला की 'डॉक्टर, एक सलाईन लावा' असा आग्रह धरणारे पुष्कळ असतात. ग्लुकोज शिरेतून दिले काय किंवा पाण्यात विरघळवून प्यायले काय, साखर तीच, असा आपला समज असतो. शरीर मात्र या दोहोंत फरक करते. १९६४ साली संशोधकांनी ही तुलना केली, तेव्हा तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजमुळे शरीरात अधिक इन्सुलिन स्रवते असे आढळले. म्हणजे साखर आतड्यात येताच आतडे स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते.

ही वर्दी देणारे पदार्थ म्हणजे आतड्यातील संप्रेरके, अर्थात हॉर्मोन्स. लहान आतड्याच्या वरच्या भागातून 'जीआयपी' आणि मुख्यतः खालच्या भागातून 'जीएलपी-१' रक्तात मिसळते. यातील जीएलपी-१ ची कामे तीन. रक्तातील साखर वाढलेली असताना ते इन्सुलिनचा स्राव वाढवते, जठरातील अन्न सावकाश पुढे सरकू देते आणि 'पोट भरले' हा निरोप मेंदूला देते. याउलट काम 'घ्रेलिन'चे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेले हे संप्रेरक प्रामुख्याने जठरात तयार होते. जेवणाआधी ते वाढते व भूक लागते, जेवल्यावर उतरते. झोप अपुरी झाली की घ्रेलिन वाढू शकते. रात्रपाळी किंवा जागरणानंतर खा-खा सुटते, त्याचे हे एक कारण आहे.

प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात, म्हणजे टाइप-२ मध्ये, आतड्याच्या या वर्दीला स्वादुपिंड पुरेशी दाद देत नाही. म्हणून जेवणानंतरची साखर चढलेली राहते.

मग आपल्या हाती काय आहे? पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाच-सात मिनिटांत ताट रिकामे करणारा माणूस निरोप येण्याआधीच दुसऱ्यांदा भात वाढून घेतो. 'दोन घास कमी खावेत' असे घरातील वडीलधारे सांगत, त्यात शहाणपण होते. दुसरे म्हणजे जेवणाचा क्रम. आधी कोशिंबीर, पालेभाजी, उसळ किंवा घट्ट वरण खावे. भाकरी-पोळी नंतर आणि भात शेवटी, तोही बेताने. असे केल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसले आहे. उसाचा रस, सरबते आणि गोड चहा यांतील साखर झपाट्याने रक्तात उतरते, पण त्या मानाने पोट भरल्यासारखे वाटत नाही. मधुमेह्यांनी ती टाळावीत.

आता औषधांविषयी. आपल्या शरीरातील जीएलपी-१ अवघ्या दोन मिनिटांत निम्म्याहून कमी होते, कारण एक विकर त्याचे तुकडे करते. 'ग्लिप्टिन' गटातील गोळ्या त्या विकराला अडवतात. सेमाग्लुटाइड हे औषध जीएलपी-१ सारखेच काम करते, पण शरीरात कितीतरी जास्त काळ टिकते. म्हणून त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा पुरते. २०२५ साली भारतात आलेले टिरझेपटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ या दोघांचेही काम करते. या इंजेक्शनांनी साखर व वजन उतरते, यात शंका नाही.

परंतु शेजाऱ्याचे वजन उतरले म्हणून आपणही औषध दुकानातून इंजेक्शन आणून टोचून घेणे धोक्याचे आहे. मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठता हे त्रास अनेकांना होतात. सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर एकदम उतरून घाम, थरथर आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. ज्यांना स्वादुपिंडाच्या सुजेचा त्रास होऊन गेला आहे, घरात थायरॉईडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास आहे, किंवा ज्या स्त्रिया गरोदर आहेत वा मूल होऊ देण्याच्या विचारात आहेत, त्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. इंजेक्शन चालू असताना पोटात तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, तर त्वरित रुग्णालय गाठावे. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या टाइप-१ च्या रुग्णांनी या औषधाच्या भरवशावर इन्सुलिन बंद केल्यास जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट. इंजेक्शन थांबवले की भूक परतते आणि उतरलेले वजनही बरेचसे परत येते. म्हणून औषध घ्यावे लागले तरी सावकाश जेवणे, रोजचे चालणे आणि पुरेशी झोप यांना सुट्टी नाही. आणि ज्यांना औषधाची गरज नाही, त्यांनी आजपासून जेवणाला निदान वीस मिनिटे द्यावीत. त्याला खर्च काहीच नाही.