खेळण्यांचे ग्रंथालय : कपाटातून अंगणात

बालकाच्या जीवनात खेळण्याचे स्थान कोणते, हे पटवून देण्यासाठी मोठ्या शास्त्राधाराची आवश्यकता नाही. ज्या घरात विकत आणलेले एकही खेळणे नसते, त्या घरातील मूलही काडेपेट्यांची आगगाडी करते, ताटाचे चक्र करून फिरविते आणि पोफळीच्या विरीवर धाकट्या भावंडाला बसवून अंगणभर ओढीत नेते. हाताला वस्तूची ओळख होणे, डोळा आणि हात यांचा मेळ बसणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर पुन्हा डाव मांडणे, हे सारे शिक्षण खेळातूनच होत असते.

तथापि खेळण्यांची वाटणी समाजात अत्यंत विषम आहे. काही घरांत माळ्यावर खेळण्यांची खोकी धूळ खात पडलेली असतात. त्याच वाड्यावरील दुसऱ्या घरात मुलाने ठोकळ्यांचा संच कधी हाताळलेलाही नसतो. त्यातही खेळण्याचे आयुष्य आणि त्याची उपयुक्तता यांत मोठी तफावत असते. सहा महिन्यांच्या बाळाचा खुळखुळा ते चालू लागताच निरुपयोगी ठरतो. दोन वर्षांच्या मुलाला गुंतविणारे कोडे चौथ्या वर्षी त्याला क्षणभरही थांबवू शकत नाही. वस्तू शाबूत राहते, मूल तेवढे पुढे निघून जाते. पुस्तकाच्या बाबतीतही असेच घडते, म्हणून तर समाजाने ग्रंथालये निर्माण केली. खेळण्यांसाठी तशीच व्यवस्था उभारणे हाच या कल्पनेचा गाभा आहे.

कल्पनेचा उगम

खेळणी उसनी देण्याची संघटित व्यवस्था प्रथम १९३५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे सुरू झाली, असे मानले जाते. तो काळ तेथील महामंदीचा होता. एका दुकानातून मुले किरकोळ वस्तू चोरतात, असे दुकानदाराच्या लक्षात आले. चौकशीअंती असे दिसून आले की, त्या वस्तूंपासून मुले स्वतःसाठी खेळणी बनवीत होती. विकत घेण्याची त्यांच्या घरच्यांची ऐपत नव्हती. मुलांना शिक्षा करण्याऐवजी त्यांना खेळणी उसनी मिळण्याची सोय करावी, असा विचार त्यातून पुढे आला. अशी हकीकत सांगितली जाते. खेळणे वेळेवर आणि सुस्थितीत परत करणाऱ्या मुलाचा गौरव करावयाचा, हे त्या योजनेचे वैशिष्ट्य होय.

पुढे १९६३ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ‘लेकोतेक’ स्थापन झाले. स्वीडिश भाषेत ‘लेक’ म्हणजे खेळ. ‘बिब्लिओतेक’ म्हणजे ग्रंथालय या शब्दाच्या धर्तीवर हे नाव घडविण्यात आले. दिव्यांग मुलांच्या पालकांनी या कार्यात पुढाकार घेतला होता. १९६७ साली इंग्लंडमध्ये जिल नॉरिस या शिक्षिकेने आपल्या परिसरातील दिव्यांग मुलांच्या कुटुंबांसाठी असाच उपक्रम सुरू केला. ज्या मुलाचा हात वा डोळा इतरांप्रमाणे चालत नाही, त्याला कोणते खेळणे मानवेल हे दुकानात उभे राहून ठरविता येत नाही. ते घरी नेऊन, काही दिवस वापरून पाहावे लागते. असे प्रत्येक खेळणे विकत घेणे सामान्य कुटुंबाला अशक्यच असते. यावरून असे दिसेल की, ज्याला इतरत्र दार बंद होते, अशा बालकाच्या गरजेतून ही व्यवस्था वाढत गेली.

आपल्याकडील परंपरा

ही कल्पना आपल्या समाजाला सर्वस्वी परकी नाही. मोठ्या बहिणीची भातुकली धाकटीकडे, तिच्याकडून मामेबहिणीकडे जाण्याची रीत जुनीच आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे, गोकाकची खेळणी, पितळेची इवलीशी चूल आणि पाटा-वरवंटा यांनी एका घरातच दोन-दोन पिढ्या रमविल्या आहेत. सागरगोटे, लगोरी आणि विटीदांडू यांवर तर कोणा एकाची मालकी कधी नव्हतीच.

संस्थात्मक कार्यातही अनुकरणीय उदाहरणे आहेत. बडोदे संस्थानचे अधिपती महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची योजना आखली. या योजनेत पुस्तके पेट्यांत भरून खेडोपाडी पाठविली जात. ग्रंथालय एका जागी स्थिर न राहता वाचकाच्या दारी जाई. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि तेथे पुस्तकांबरोबर बैठ्या खेळांचीही सोय होती. वाचन आणि खेळ यांची सांगड घालण्याचा विचार मराठी वाचकांच्या परिचयाच्या या नगरीत शंभर वर्षांपूर्वीच रुजला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे जे कार्य केले, त्याचाही येथे उल्लेख अगत्याचा आहे. पाने, शिंपले, बिया, खडे, बांबू अशा परिसरातील वस्तूंपासून त्यांनी शैक्षणिक साधने सिद्ध केली आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. या अंगणवाडीचे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचले.

रचना कशी असावी

खेळण्यांचे ग्रंथालय सुरू करण्यास स्वतंत्र इमारत लागत नाही. गावचे वाचनालय, पंचायतीची खोली, महिला मंडळ, मंदिराचा सभामंडप किंवा अंगणवाडी यांपैकी कोठेही एक कपाट, एक सतरंजी आणि आठवड्यातून दोन तास देणाऱ्या दोन व्यक्ती एवढे भांडवल पुरेसे असते.

प्रत्येक खेळण्यासाठी नाडीची कापडी पिशवी शिवावी. पिशवीला क्रमांक आणि एक पुठ्ठ्याचे पत्रक जोडावे. पत्रकावर खेळण्याचे नाव, योग्य वय आणि त्यातील नगांची संख्या लिहावी. ‘लाकडी ठोकळे, वय २ ते ५, नग २४’ एवढी नोंद असली की देताना व घेताना मोजणी सुलभ होते. एका वेळी एका मुलास एक खेळणे पंधरा दिवसांसाठी द्यावे. अनामत रकमेची अट शक्यतो घालू नये. कारण ज्या कुटुंबासाठी ही सोय प्रामुख्याने करावयाची, तेच कुटुंब त्या अटीमुळे बाहेर राहते. पालकाची सही किंवा अंगठा आणि शेजारच्या एका सभासदाची ओळख पुरेशी मानावी.

सुरक्षितता व स्वच्छता

अनेक हातांतून जाणारी वस्तू स्वच्छ असणे अनिवार्य आहे. प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावीत. लाकडी खेळणी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. कापडी बाहुल्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. तीन वर्षांखालील मुलांना लहान सुटे भाग असलेली खेळणी कदापि देऊ नयेत. सुमारे सव्वा इंच व्यासाच्या नळीत जो तुकडा पूर्णपणे मावतो, तो मुलाच्या घशात अडकण्याची भीती असते, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवावा.

बटणासारख्या चपट्या बॅटरीवर चालणारी खेळणी स्वीकारताना तिचे झाकण स्क्रूने घट्ट बंद आहे याची खात्री करून घ्यावी. अशी बॅटरी गिळली गेल्यास अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेस गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रंगाचे पापुद्रे निघालेली जुनी खेळणी नाकारावीत, कारण जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. चौदा वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असणे १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालास यातून सूट देण्यात आली असल्याने, केवळ चिन्ह नाही म्हणून हाताने घडविलेले लाकडी खेळणे त्याज्य ठरत नाही. मात्र त्याच्या कडा, खिळे आणि रंग नीट तपासून घ्यावेत.

मोडतोड आणि हिशेब

अशा उपक्रमांचे खरे दुखणे निराळेच आहे. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून खेळणी नसतात असे नव्हे; कित्येकदा ती कुलूपबंद कपाटात असतात. खेळणे जडसंग्रह नोंदवहीत एकदा चढले की त्याचा हिशेब देण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर येते. तपासणीच्या वेळी एखादा नग कमी भरला तर भरपाई आपल्याकडून होईल, या धास्तीने सेविका वा शिक्षक खेळणी बाहेरच काढीत नाहीत. वर्षानुवर्षे वस्तू कोरी करकरीत राहते, नोंदवही निर्दोष ठरते आणि मूल मात्र कपाटाच्या काचेतून पाहत राहते. यात दोष त्या कर्मचाऱ्याचा मानणे अन्यायाचे होईल. हिशेबाची पद्धतच तिला तसे वागावयास लावते.

यावर उपाय असा की, खेळणी ही टिकाऊ मालमत्ता न समजता खडू-पेन्सिलीप्रमाणे वापरून संपणारी वस्तू समजावी. वर्षातून एकदा स्थानिक समितीने मोडलेल्या नगांची यादी करून ते रीतसर कमी करावेत. नोंदवहीत ‘शिल्लक’ या रकान्याबरोबरच ‘किती वेळा घरी नेले’ हाही रकाना असावा. चाळीस वेळा घरी जाऊन मोडलेली लाकडी गाडी ही तूट मानू नये, तिने आपले काम पूर्ण केले असे समजावे. एकदाही बाहेर न गेलेली गाडी हाच खरा अपव्यय होय. पालकांवरही मोडतोडीचा दंड आकारू नये; दंडाच्या भीतीने तेही खेळणे घरातील फळीवर उंच ठेवतील आणि कपाट तेवढे बदलेल. त्याऐवजी महिन्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी ठेवावा. गावातील सुतार, शिंपी आणि सेवानिवृत्त मंडळी यांच्या हातांना त्या दिवशी काम मिळते आणि मोडलेली वस्तू पुन्हा उभी राहते, हे मुलेही पाहतात.

मुलाच्या मनाचा विचार

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘माझे’ हा शब्द नुकताच गवसलेला असतो. त्याने आपली वस्तू लगेच दुसऱ्यास द्यावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून मुलाचे आवडते खेळणे त्याच्या नकळत देणगीत देऊ नये. काय द्यावयाचे हे त्यालाच निवडू द्यावे. उसने आणलेले खेळणे परत करताना मूल रडते, यातही नवल नाही. परतीचा दिवस आधीपासून सांगत राहावे, पिशवीतील नग त्याच्याकडूनच मोजून घ्यावेत आणि पुढचे खेळणे निवडण्याचा मान त्याला द्यावा. असे तीन-चारदा घडले की आपण परत केलेली गाडी शेजारच्या मुलाच्या दारात पाहून ते हरखून जाते. ‘ती मी आधी खेळलो’ असे सांगण्यात त्याला अभिमान वाटतो.

सारांश

बालकाचा विश्रांतीचा व खेळाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या अनुच्छेदाने मान्य केला असून, भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गासाठी आवश्यकतेनुसार खेळसाहित्याची तरतूद आहे. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस म्हणून पाळला जातो. हक्क कागदावर आहे आणि साहित्यही पुष्कळ ठिकाणी आहे. उणीव आहे ती कपाटाचे दार उघडण्याची.

शाळा उघडण्याच्या सुमारास, जूनमध्ये, प्रत्येक वाड्यावर एक सतरंजी अंथरली जावी, घरोघरच्या माळ्यांवरून खेळणी खाली यावीत आणि पहिली नोंद मुलाच्या हातात खेळणे देऊनच व्हावी. पंचायती, महिला मंडळे, वाचनालये आणि शिक्षक-पालक संघ यांनी मनावर घेतल्यास हे कार्य एका रविवारच्या सकाळी सुरू होऊ शकेल.