मॉरिस मायनरला जाग कशी येते?

इंग्लंडमधल्या एखाद्या घराच्या गॅरेजात मॉरिस मायनर पंचवीस-तीस वर्षं एका जागी उभी असते. टायर बसलेले, टपावर धूळ, सीटच्या काथ्यात उंदरांचा संसार. बघणारा म्हणतो, गेली भंगारात. पण आतलं बहुतेक काही झिजलेलंच नसतं. झिजायला गाडी चालावी लागते! तिला अडवून ठेवलेलं असतं ते काही पातळ थरांनी. कुठे गंज, कुठे वाळलेलं पेट्रोल, तर कुठे डोळ्यांना दिसणारही नाही असं पुट. जवळजवळ पाऊण टन वजनाची अडीच-तीन दशकांची झोप कागदापेक्षा पातळ गोष्टींवर टिकलेली असते, आणि मला या सगळ्या प्रकरणात याचंच सर्वांत नवल वाटतं.

ही गाडी अ‍ॅलेक इसिगोनिस यांची. पुढे ‘मिनी’ घडवणारे तेच. मायनर तयार होत आली तेव्हा त्यांना ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून दोन्ही अर्धुकं चार इंच लांब सरकवली. बॉनेटच्या मधोमध जाणारी ती सपाट पट्टी म्हणजे या कापाकापीची खूण. १९४८च्या लंडनच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. याच घराण्यातली मॉरिस ऑक्सफर्ड आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर होऊन २०१४पर्यंत बनत राहिली.

आता इंजिन. ते थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून इंग्लंडची दमट हवा आत शिरते आणि पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजाने चिकटतात. अशा वेळी उत्साहाच्या भरात सेल्फ मारला की रिंग तुटलीच म्हणून समजा. जाणकार आधी चारही प्लग काढतात, भोकांतून पातळ तेल सोडतात आणि निघून जातात. खरंच, काही दिवस काहीच करत नाहीत. तेल आपणहून त्या थरात झिरपतं. मग पुढून हँडल घालायचं आणि हिसका न देता इकडे-तिकडे जरा जरा हलवत राहायचं. कधीतरी ते किंचित पुढे जातं. मग जुनं ऑइल बदलून, प्लग बाहेरच ठेवून सेल्फवर इंजिन फिरवायचं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये तेलाचा पडदा तयार झाला. चालत्या इंजिनात हे दोन धातू एकमेकांना जवळपास शिवतच नाहीत. म्हणजे एका थराने गाडी अडते आणि दुसऱ्या थरावर ती चालते.

मग करंट. डिलकोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, झाकणाखाली पॉइंटची इवलीशी जोडी असते. पूर्ण उघडल्यावर तिच्यातली फट जेमतेम ०.३८ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी संथ चालत असतानासुद्धा ही जोडी सेकंदाला वीस वेळा उघडते. दरवेळी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगवर ठिणगी पडते. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर पॉइंटवर जे पुट चढतं ते एवढ्या सगळ्याला पुरून उरतं. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला, की ठिणगी हजर.

पेट्रोलची तऱ्हा वेगळी. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे तळणीच्या कढईच्या कडेला बसतो तसा पिवळा चिकटा राहतो. तो कार्ब्युरेटरला भोवतो. मायनरचा कार्ब्युरेटर ‘एसयू’, म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर बंधू चामड्याचे जोडे करणाऱ्या घराण्यातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये खरोखरच चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा तो वर उचलला जातो. त्याच्या बुडाला लावलेली निमुळती सुईही वर जाते आणि तेवढंच पेट्रोल सुटतं. ना संगणक, ना सेन्सर. पिस्टन आणि घराच्या मधली फट इतकी नेमकी की सीलची गरजच नाही, आणि म्हणूनच चिकट्याचं एक बोट त्याला जाम करायला पुरतं. साफ करून पिस्टन बोटाने उचलायचा आणि सोडायचा. ‘टक्’ असा आवाज करत तो खाली बसला पाहिजे. पंपही ‘एसयू’चाच. किल्ली फिरवली की तो टिकटिकतो आणि कार्ब्युरेटरची वाटी भरली की आपोआप गप्प होतो. गप्प झालाच नाही तर पेट्रोल कुठेतरी गळत असू शकतं.

सगळं जमून गाडी उठली, तरी डायनामो कधीकधी चार्जिंग करत नाही. त्याला वीज करायला चुंबकत्व लागतं आणि चुंबकत्व टिकवायला वीज! ही साखळी सुरू होते ती त्याच्या लोखंडात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं म्हणून. फार वर्षांत ते पुसट होतं. उपाय काय, तर बॅटरीच्या जिवंत टोकाची तार फील्डच्या टर्मिनलला क्षणभर टेकवायची. चर्र होतं आणि लोखंडाला आपली दिशा आठवते. या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, हे मात्र विसरायचं नाही.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ब्रेक कुणी बघणार नाही, मालकानेच बघायचे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतले सिलिंडर गंजवतं. त्यात मायनरच्या चारही चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन. ती एका जागी फुटली की पाय थेट तळाला. तुमच्याकडेही गावच्या पडवीत अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर आधी सेल्फ मारू नका, प्लग काढून तेल सोडा. आणि इंजिन कितीही गोड वाजलं, तरी ब्रेकची रबरं आणि ऑइल बदलल्याशिवाय तिला फाटकाबाहेर काढू नका.